औषधनिर्मितीचे शिक्षण : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

औषध विकणे, औषध बनवणे आणि औषध शोधणे ही तीन निराळी कामे आहेत. फार्मसीची एकच पदवी तिन्ही वाटांच्या तोंडाशी आणून सोडते आणि पुढची निवड विद्यार्थ्याला स्वतःच करावी लागते. या अंकात औषधविकासाच्या वाटेबद्दल आलेले प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : बारावीला पीसीबी आहे, गणित दहावीनंतर सोडले. मेडिकल दुकान चालवायचे नाही, नव्या औषधांवर काम करायचे आहे. बी.फार्म, फार्म.डी की बी.एस्सी. रसायनशास्त्र? (विद्यार्थिनी, सातारा)

बी.फार्म घ्या. चार वर्षांत रसायनशास्त्र, शरीरक्रिया, औषधाचा शरीरातला प्रवास, गोळी-इंजेक्शनची बनावट आणि औषधांचे कायदे हे सगळे एकत्र हाताळायला मिळते. औषधविकासाच्या टीममध्ये नेमकी हीच जोडणी कामाला येते. फार्म.डी सहा वर्षांची असून शेवटचे वर्ष रुग्णालयातल्या इंटर्नशिपचे असते. रुग्णांवरच्या चाचण्या आणि औषधांचे दुष्परिणाम नोंदवणे या बाजूला जायचे असेल तर ती चांगली, प्रयोगशाळेत उभे राहायचे असेल तर नाही. राहिली बी.एस्सी. नवा रेणू फ्लास्कमध्ये तयार करणे हेच तुमचे स्वप्न असेल, तर बी.एस्सी., मग ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. आणि पीएच.डी. हा मार्ग जास्त सरळ आहे. त्या जागांवर फार्मसीवाल्यांपेक्षा ऑरगॅनिकवाल्यांना प्राधान्य मिळते, हे आधीच माहीत असलेले बरे.

गणिताची भीती नको, पण ते टाळूही नका. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया म्हणजे पीसीआयच्या अभ्यासक्रमात पीसीबीवाल्यांना पहिल्या सेमिस्टरला रेमेडियल मॅथेमॅटिक्स असते. बहुतेक जण ते पास होण्यापुरते करतात आणि सहाव्या सेमिस्टरला फार्माकोकायनेटिक्समध्ये (औषधाचा शरीरातला प्रवास आकड्यांत मांडणारा विषय) अडकतात. तिथे लॉगरिदम, घातांक आणि थोडे कॅल्क्युलस रोज लागते. उदाहरणार्थ, औषधाचा अर्धायुकाल, म्हणजे शरीरातले औषध निम्मे होण्याचा काळ, ४ तास असेल तर ५ अर्धायुकालांनी, म्हणजे २० तासांनी, शरीरात जेमतेम ३ टक्के उरते. हे तोंडी सांगता आले, सेमी-लॉग आलेख हाताने काढता आला, की पुढची प्रकरणे सोपी जातात.

प्रवेश एमएचटी-सीईटीच्या पीसीबी गटातून मिळतो. २०० गुणांची परीक्षा, त्यात बायॉलॉजीचे १०० प्रश्न, भौतिक आणि रसायनचे प्रत्येकी ५०, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अकरावीच्या अभ्यासक्रमावर साधारण २० टक्के प्रश्न असतात, म्हणून अकरावीची पुस्तके रद्दीत घालू नका.

कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेरीत पर्याय भरण्याआधी कॉलेज बघून या. पीसीआयची मान्यता चालू वर्षासाठी आहे का ते विचारा. एचपीएलसीच्या (औषधातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) खोलीत जा आणि मशीनजवळची लॉगबुक उघडून पाहा. शेवटची नोंद मागच्या तपासणीच्या वेळची असेल, तर ते मशीन विद्यार्थ्यांसाठी नाही. रोटरी टॅब्लेट मशीन चालू स्थितीत आहे का, प्राणीगृह नोंदणीकृत आहे का, हेही पाहा. इमारतीच्या फोटोंवरून यातले काहीच कळत नाही.

प्रश्न : मुलाला बारावीत ५२ टक्के आहेत. आधी डी.फार्म करून मग थेट दुसऱ्या वर्षाला बी.फार्म, असे केले तर चालेल का? (पालक, लातूर)

चालते, पण औषधविकासासाठी तो लांबचा रस्ता आहे. डी.फार्मची दोन वर्षे, ५०० तासांचे प्रशिक्षण, नंतर बी.फार्मची तीन वर्षे, असा हिशेब होतो. फार्मासिस्ट म्हणून नोंदणीसाठी डी.फार्मनंतर एक्झिट परीक्षेचा नियमही २०२२ मध्ये आला. शिवाय थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचे पहिल्या वर्षाचे अॅनालिसिस, ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पहिला भाग आणि बायोकेमिस्ट्री त्या खोलीने झालेले नसते. ५२ टक्क्यांवर खुल्या गटातही बी.फार्मची पात्रता बसते, त्यामुळे सीईटी दिली असेल तर थेट पहिल्या वर्षालाच प्रवेश घ्या. घरी लवकर कमाई हवी असेल तर मात्र डी.फार्मचा विचार योग्य ठरतो.

प्रश्न : प्रात्यक्षिकात पॅरासिटामॉल ५०० एमजीच्या गोळ्या केल्या. वरची टोपी सुटते. बाइंडर (कण जोडणारा पदार्थ) वाढवले तेव्हा टोपी सुटणे थांबले, पण डिझोल्यूशन (विरघळणाऱ्या औषधाचे प्रमाण) ३० मिनिटांत ७० टक्क्यांवरच अडकले. काय चुकते? (बी.फार्म तिसरे वर्ष, नाशिक)

फार चांगला प्रश्न. फॉर्म्युलेशनच्या (औषधाला गोळी-इंजेक्शनचे रूप देण्याच्या कामाच्या) मुलाखतीत हाच विचारला जातो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

पॅरासिटामॉलचे स्फटिक दाबाखाली पक्के चपटे होत नाहीत, दाब निघाला की परत फुगू पाहतात. त्या फुगण्यात कणाकणांतले नुकते जमलेले बंध तुटतात आणि गोळीची टोपी निघते. यालाच कॅपिंग म्हणतात. विद्यार्थी अशा वेळी दाब वाढवतात आणि कॅपिंग आणखी वाढते, कारण जास्त दाब म्हणजे परत येताना जास्त ताण.

तपासणीला क्रम ठेवा. आधी मशीन हाताने फिरवून दहा-बारा गोळ्या काढा. हाताने काढलेल्या चांगल्या आणि वेगात काढलेल्या टोपी सुटणाऱ्या असतील, तर कणांत अडकलेली हवा बाहेर पडायला वेळ मिळत नाही. वेग कमी करा आणि ग्रॅन्यूल्समधली (बाइंडरने बांधलेल्या दाण्यांमधली) बारीक भुकटी मोजा. ती १५ टक्क्यांच्या बरीच वर असेल तर चाळणी किंवा बाइंडर मिसळण्याची पद्धत बदला. हाताने काढलेल्याही सुटत असतील तर दोष मिश्रणात आहे. तेव्हा ग्रॅन्यूल्समधला ओलावा पाहा. साधारण १.५ ते २.५ टक्के ठीक. १ टक्क्याच्या खाली गेला तर कण एकमेकांना धरत नाहीत, ३ टक्क्यांच्या वर गेला तर पंचला (वरून-खालून दाबणाऱ्या दांड्याला) चिकटतात. ट्रे ड्रायरमध्ये रात्रभर विसरलेल्या ग्रॅन्यूल्सना टोपी सुटते ती यामुळेच. दोन्ही ठीक असेल तर डाय (गोळीचा साचा) तपासा. जिथे गोळी दाबली जाते तिथे आतून झीज होऊन कडे पडते आणि गोळी वर येताना त्यात अडकून टोपी सोडते.

आता बाइंडर. पीव्हीपी के-३० गोळीच्या वजनाच्या २ ते ५ टक्के पुरते. वहीत ‘पेस्ट ४० मिली’ असे लिहू नका. किती कोरडे बाइंडर प्रत्यक्ष आत गेले ते लिहा, त्यासाठी भांड्यात उरलेली पेस्ट तोलून वजा करा. बहुतेक बॅचेसचा ताळमेळ इथेच बिघडतो.

बाइंडर वाढवल्यावर ग्रॅन्यूल कडक होतो, पाणी आत शिरायला वेळ लागतो आणि डिझोल्यूशन मागे पडते. उपाय असा : क्रॉसकार्मेलोज सोडियम ३ ते ४ टक्के घ्या, त्यातले अर्धे ग्रॅन्यूलेशनच्या आधी आणि अर्धे कोरड्या ग्रॅन्यूल्समध्ये. बाहेरचा अर्धा भाग गोळी फोडतो, आतला अर्धा ग्रॅन्यूल फोडतो. मॅग्नेशियम स्टिअरेट (मिश्रण चिकटू नये म्हणून घालायचे वंगण) ०.५ ते १ टक्का, ६० नंबरच्या चाळणीतून, अगदी शेवटी, आणि मिसळणे दोन-तीन मिनिटेच. जास्त वेळ फिरवले तर प्रत्येक कणावर तेलकट पापुद्रा चढतो. त्याने पाणी अडते आणि गोळीही मऊ पडते. पटत नसेल तर एकाच बॅचचे दोन भाग करा, एक २ मिनिटे आणि एक १० मिनिटे मिसळा, दोन्हींची हार्डनेस व डिझोल्यूशन एकत्र मांडा. एका दुपारचे हे काम पुस्तकातल्या चार पानांपेक्षा जास्त शिकवते.

गोळीला दोष देण्याआधी चाचणीही तपासा. अमेरिकी फार्माकोपियात पॅरासिटामॉलच्या साध्या गोळीला ५.८ पीएचचे फॉस्फेट बफर ९०० मिली, पॅडल मिनिटाला ५० फेरे, ३७ अंश अधिक-उणे अर्धा आणि ३० मिनिटे अशी अट आहे, क्यू म्हणजे विरघळायला हवे ते ठरलेले प्रमाण ८० टक्के. पहिल्या टप्प्यात सहाही गोळ्या क्यूच्या ५ टक्के वर, म्हणजे प्रत्येकी ८५ टक्क्यांच्या खाली नकोत. सरासरी ८५ आली म्हणून पास धरू नका. नमुना काढताच गाळा. न गाळलेल्या नमुन्यात न विरघळलेले कण टेस्टट्यूबमध्ये विरघळत राहतात आणि आकडा खोटा फुगतो. ५०० एमजी पूर्ण विरघळले तर ९०० मिलीत सुमारे ५५५ मायक्रोग्रॅम प्रति मिली होतात. त्यातले १ मिली १०० मिलीपर्यंत नेले की साधारण ५.५ मायक्रोग्रॅम, आणि २४३ नॅनोमीटरला यूव्हीवर वाचता येईल अशी अॅबसॉर्बन्स मिळते. पॅडलच्या बरोबर खाली पावडरचा ढीग साचतोय का तेही पाहा. साचत असेल तर एकदा ७५ फेऱ्यांवर चालवा. आकडा झटकन वर गेला तर दोष गोळीचा कमी आणि ढवळण्याचा जास्त आहे. हा ७५ फेऱ्यांचा आकडा कारण शोधण्यापुरता, निकाल म्हणून लिहायचा नाही.

आणखी एक. एका वेळी एकच गोष्ट बदला. बाइंडर, वेग आणि ओलावा तिन्ही एकदम बदलून गोळी चांगली आली, तर ती का चांगली आली हे कोणालाच सांगता येत नाही. कंपनीत हा प्रश्न मोठ्या बॅचला येतो तेव्हा त्याचे उत्तर लागतेच.

प्रश्न : जीपॅट देणार आहे. एम.फार्मला कोणती शाखा घ्यावी? फार्मास्युटिक्सला गर्दी आहे असे ऐकतो. (बी.फार्म चौथे वर्ष, कोल्हापूर)

दिवसभर हाताला काय काम हवे, त्यावरून शाखा ठरवा. गोळी, कॅप्सूल, इंजेक्शन घडवायचे असेल तर फार्मास्युटिक्स. गर्दी आहे, कारण कामही तिथेच जास्त आहे. यंत्रांशी आणि आकड्यांशी जमत असेल तर अॅनालिसिस. क्वालिटी अॅश्युरन्समध्ये कागदपत्रे, व्हॅलिडेशन (पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करणे) आणि तपासणीची तयारी जास्त, प्रयोगशाळा कमी. फार्माकॉलॉजी मनापासून आवडत असेल तरच घ्या. प्राण्यांवरच्या चाचण्या, विषारीपणा आणि फार्माकोकायनेटिक्स यांच्या जागा कमी आहेत आणि पुढे पीएच.डी. जवळजवळ ठरलेली. रेग्युलेटरी अफेअर्समध्ये परवानगीचे दस्तऐवज रचायचे असतात. त्यांचा जागतिक साचा पाच मॉड्यूल्सचा, त्यातले तिसरे औषधाच्या गुणवत्तेचे आणि पाचवे मानवी चाचण्यांचे. ज्याने डिझोल्यूशनचे मशीन कधी चालवले नाही त्याला तिसऱ्या मॉड्यूलमधली चूक दिसत नाही. म्हणून या शाखेकडे जायचे असेल तर आधी वर्षभर तरी प्रयोगशाळेत काढावे, असे आमचे ठाम मत आहे.

जीपॅट ही एम.फार्मची प्रवेशपरीक्षा २०२४ पासून एनबीईएमएस हे राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेते : १२५ प्रश्न, ५०० गुण, ३ तास, बरोबरला ४ आणि चुकीला उणे १. पात्र होऊन प्रवेश घेतला तर दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. तुमचे कॉलेज त्या योजनेत बसते का, हे फी भरण्याआधी विचारा. नंतर कळून उपयोग नसतो. नायपर या केंद्र सरकारच्या सात औषधशिक्षण संस्थांसाठी (मोहाली, अहमदाबाद, गुवाहाटी, हाजीपूर, हैदराबाद, कोलकाता, रायबरेली) वेगळी नायपर-जेईई आहे. मुंबईतले माटुंग्याचे आयसीटी, म्हणजे जुने यूडीसीटी, हेही यादीत ठेवा.

कॉलेज ठरवताना एकच चौकशी सर्वांत मोलाची : गेल्या दोन बॅचच्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या वर्षाचा प्रबंध कुठे केला? कंपनीच्या आर अँड डी विभागात केलेला एक प्रबंध नोकरीच्या दृष्टीने गुणपत्रिकेपेक्षा वजनदार ठरतो.

प्रश्न : भारतात खरेच नवी औषधे तयार होतात, की फक्त जेनेरिक? (वाचक, नागपूर)

दोन्ही. प्रमाण मात्र जेनेरिककडे खूप झुकलेले आहे आणि नोकरी शोधताना ते विसरू नये.

नव्याची उदाहरणे आहेत. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषधसंशोधन संस्थेने सेंटक्रोमान ही बिगर-हार्मोन गर्भनिरोधक गोळी घडवली, ती ‘सहेली’ नावाने आपल्याकडे पोहोचली. झायडसच्या सॅरोग्लिटाझारला २०१३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. वोखार्टने न्यूमोनियासाठी नाफिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणले, दिवसातून एकदा आणि फक्त तीन दिवस घ्यायचे. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि इम्युनोअॅक्टची नेक्सकार-१९ ही पेशी-उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्य झाली. शेवटची दोन नावे महाराष्ट्रातली आहेत, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

यात फार्मसी पदवीधर कुठे येतो? रेणू सापडल्यावर लगेच. तो किती विरघळतो, कोणत्या क्षारात जास्त टिकतो, एकाच रेणूचे किती स्फटिकरूप आहेत, हे प्रीफॉर्म्युलेशन. इथे चुकीचे स्फटिकरूप निवडले तर दोन-तीन वर्षांनी गोळी कमी विरघळू लागते आणि मागचे सगळे काम पुन्हा करावे लागते. मग प्राण्यांवरच्या चाचण्या, साधारणपणे एक कृंतक (उंदीरवर्गीय) आणि एक बिगर-कृंतक प्रजाती. नंतर २०१९ च्या नियमांनुसार सीडीएससीओकडे (केंद्रीय औषध नियंत्रण संस्था) सीटी-०४ अर्ज, सीटी-०६ परवानगी, एथिक्स कमिटीची मान्यता आणि माणसांवरचे टप्पे. या सर्व काळात स्थिरता चाचणी समांतर चालू असते. भारत उष्ण-दमट गटात असल्याने दीर्घकालीन अभ्यास ३० अंशांवर आणि जास्त आर्द्रतेत, वेगवान अभ्यास ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेवर सहा महिने. युरोपसाठी २५ अंश आणि ६० टक्क्यांवर टिकलेले पॅकिंग कोकणातल्या पावसाळ्यात टिकेलच असे नाही.

जेनेरिकला कमी लेखू नका. मूळ औषधाइतकेच रक्तात पोहोचते हे सिद्ध करायचे असते : निरोगी स्वयंसेवक, दोन्ही औषधे आळीपाळीने, मध्ये किमान पाच अर्धायुकालांचा खंड, आणि सर्वोच्च पातळी व एकूण शोषण यांच्या गुणोत्तराचा ९० टक्के विश्वासार्ह पल्ला ८० ते १२५ च्या आत. सरासरी अगदी १०० आली तरी एकाच माणसात वेळोवेळी पडणारा फरक मोठा असेल तर पल्ला बाहेर जातो आणि अभ्यास नापास होतो. हे गणित ज्याला समजते तो फॉर्म्युलेशनमध्ये फार पुढे जातो.

प्रश्न : बोईसरला क्यूसीत (गुणवत्ता तपासणी विभागात) दोन वर्षे झाली. रोज ठरलेल्या पद्धतीने एचपीएलसी चालवतो. अॅनालिटिकल आर अँड डीत कसा जाऊ? (क्यूसी केमिस्ट)

क्यूसीत पद्धत तयार मिळते, आर अँड डीत ती तयार करावी लागते. म्हणून आजपासून प्रत्येक पद्धतीतला ‘का’ शोधा. मोबाइल फेजचा (यंत्राच्या कॉलम नावाच्या नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा) पीएच ३ च का? समजा औषध दुर्बल आम्ल आहे, पीकेए ४.५. पीएच ४.५ च्या आसपास ठेवला तर जरासा फरक पडला तरी पीक (आलेखातले औषधाचे शिखर) सरकते, कारण अर्धे रेणू आयनरूपात आणि अर्धे नाहीत. पीएच पीकेएपासून दीड-दोन एककांनी दूर ठेवला की पीक स्थिर होते. साध्या सी-१८ कॉलमला २ ते ८ पीएच मानवतो, हेही त्या निवडीत येते. फॉस्फेट बफरनंतर थेट अॅसिटोनायट्राइल का सोडायचे नाही? क्षार कॉलममध्येच साका होऊन बसतो. आधी बहुतांश पाणी असलेल्या मिश्रणाने धुवा, मग सेंद्रिय द्रावक वाढवा.

दुसरे, व्हॅलिडेशन. लिनिअॅरिटीला किमान पाच पातळ्या, अचूकतेला तीन पातळ्यांवर मिळून नऊ निरीक्षणे, रिपीटेबिलिटीला १०० टक्क्यांवर सहा. फोर्स्ड डिग्रेडेशनमध्ये आम्ल, अल्कली, हायड्रोजन पेरॉक्साइड, उष्णता आणि प्रकाश यांनी औषध ५ ते २० टक्के मोडेल असे पाहायचे. पूर्ण मोडले तर मिळणारी अशुद्धी प्रत्यक्षात कधी दिसणारच नाही आणि पद्धत उगाच गुंतागुंतीची होते.

तिसरी बाब मुलाखतीत थेट विचारत नाहीत, पण त्यावरच माणूस पारखला जातो. मुख्य नमुन्याआधी ‘सहज’ यंत्रात एखादे इंजेक्शन मारून निकाल कसा येतो ते बघणे, नको असलेला क्रोमॅटोग्राम बाजूला टाकणे, वेळ मागाहून भरणे, यातले काहीही करू नका, वरिष्ठांनी सांगितले तरीही. परदेशी तपासनीस ऑडिट ट्रेल (यंत्राने आपोआप ठेवलेली नोंद) उघडतात तेव्हा असे प्रत्येक इंजेक्शन वेळेसह दिसते. त्याची झळ संपूर्ण कारखान्याला आणि शेवटी त्या गोळीवर विसंबलेल्या रुग्णाला बसते. स्पेसिफिकेशनबाहेरचा निकाल आला तर तो तसाच नोंदवा आणि चौकशी सुरू करा. अशा चौकशीत कारण शोधून काढल्याचा एक खरा अनुभव तुमच्या बायोडेटात असू द्या, आर अँड डीवाले तोच वाचतात.

प्रश्न : बी.फार्मनंतर अमेरिकेत जायचे आहे. तिथे फार्मासिस्टची परीक्षा देता येईल का? (विद्यार्थी, पणजी)

चार वर्षांच्या बी.फार्मवर नाही. २००३ पासून पदवी घेतलेल्यांसाठी तिथल्या पात्रता प्रमाणपत्राला किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम लागतो. बी.फार्मला एम.फार्म जोडून पाच वर्षे भरत नाहीत. एजंट वेगळे सांगत असतील तर पैसे देण्याआधी एनएबीपीचे (तिथल्या फार्मसी मंडळांची संघटना) नियम स्वतः वाचा.

औषधविकासासाठी मात्र त्या परवान्याची गरजच नाही. फार्मास्युटिकल सायन्सेसमध्ये एम.एस. बहुतेक वेळा स्वखर्चाने, तर पीएच.डी.ला सहसा फी माफ होऊन निर्वाहभत्ता मिळतो. तेव्हा झेपत असेल तर थेट पीएच.डी.ला अर्ज करा. प्राध्यापकांना पत्र पाठवताना त्यांच्या अलीकडच्या एका संशोधनाबद्दल नेमका प्रश्न विचारा आणि आठव्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही काय मोजले ते चार ओळींत लिहा. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टला वेळ लागतो, तो अर्ज सर्वांत आधी करा. आणि गोव्यातच आहात तर सहाव्या सेमिस्टरनंतरचे १५० तासांचे प्रशिक्षण वेर्णा किंवा कुंडईच्या एखाद्या कारखान्यात घ्या. पत्र तीन-चार महिने आधी द्यावे लागते.